मस्कीच्या मागे लोक एवढे खुळावतात कशाला?

तळ्याकाठचा_विन्या

मागे कॅम्पिंगच्या धाग्यावर मी सहज लिहून गेलो की सध्या माझे सुट्टीचे दिवस मस्कीच्या मागे जातात, तर तिथे प्रश्नांची रांगच लागली. एकाने विचारलं, "मासा लागत नाही हे तूच सांगतोस, मग जातोस कशाला?" तिथे उत्तर दिलं असतं तर त्या धाग्याची वाट लागली असती, म्हणून हा वेगळा काढला. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

मी मिनेसोटात असतो, मिनियापोलिसच्या पश्चिमेला. इकडे तलावांना तोटा नाही, आणि मासेमारी म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात वॉलाय. वॉलाय सापडतो पण आणि लागतो पण मस्त, संध्याकाळी तळून ताटात. मस्कीवाले ही वेगळीच जमात. दिवसभर उन्हात नाहीतर गारठ्यात उभं राहून हात दुखेस्तोवर गळ फेकायचा, रिकाम्या हाताने घरी यायचं आणि वर खुशीत असायचं.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मस्की म्हणजे मस्कलंज, पाइकच्या घराण्यातला सगळ्यात मोठा मासा, गोड्या पाण्यातला, मूळचा फक्त उत्तर अमेरिकेतला. ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी, मिसिसिपीचा वरचा भाग, ओहायो नदीचा पट्टा हा त्याचा मुलूख. अंग लांबलचक, हिरवट पितळी, त्यावर गडद पट्टे किंवा ठिपके. तोंड चपटं, आत दातांची गर्दी. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर दोन्ही पार मागे शेपटीजवळ, त्यामुळे जागच्या जागी थांबलेला मासा एका झटक्यात सुटतो. पाठलाग करून दमवणं हा याचा धंदा नाही. गवताच्या कडेला किंवा खडकाशी दबा धरून बसायचं आणि जवळून काही गेलं की तुटून पडायचं. पर्च, सकर, सिस्को हे मासे त्याचं नेहमीचं खाणं, पण बदकाचं पिल्लू पोहत आलं तर तेही चालतं.

आणि मुळात संख्या कमी. पाण्यातला सगळ्यात वरचा शिकारी, त्यामुळे चांगल्या तलावात सुद्धा एकराला एक मोठा मासा भरत नाही, कित्येक ठिकाणी तीन-चार एकरांत एक. त्यातून तो एकदा मोठा सकर गिळला की निवांत पडून राहतो, तुम्ही समोर काय नाचवताय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून इकडे त्याला दहा हजार कास्टचा (कास्ट म्हणजे एकदा गळ फेकणं) मासा म्हणतात. मिनिटाला एक कास्ट धरली तरी १६७ तास झाले. अर्थात हे कोणी मोजून काढलेलं नाही, म्हणायची पद्धत आहे, पण दिवसच्या दिवस कोरडे जातात हे खरं.

आता मुद्द्यावर येतो. बाकीच्या माशांत काय होतं, गळ टाकला, लागला तर कळतं, नाही लागला तर काहीच कळत नाही. खाली मासा होता का, त्याने बघितलं का, बघून सोडून दिलं का, काही पत्ता नाही. मस्की मागे येतो. याला इकडे फॉलो म्हणतात आणि सगळी गंमत माझ्या मते त्यातच आहे. तुम्ही बकटेल टाकलाय (म्हणजे दोन मोठ्या पितळी चकत्या फिरणारा आणि मागे केसांचा झुपका असलेला गळ), तो गरागरा फिरत बोटीकडे येतोय, पाणी चहाच्या रंगाचं, आणि चकतीची चमक दिसायला लागते तेव्हा तिच्या मागे हातभर अंतरावर अजून काहीतरी आहे. आधी वाटतं लाकूड. मग त्याचे पुढचे दोन पर हलताना दिसतात. मग डोळे, दोन्ही, कारण ते वर आणि पुढे बघतात. चार फुटांचं जनावर तुमच्या पायापाशी येऊन थांबतं, कल्ले उघडतात मिटतात, ते बकटेलकडे बघतं आणि तुम्ही श्वास धरून त्याच्याकडे, आणि मग घाई न करता, शेपटीसुद्धा न हलवता ते खाली खाली जात दिसेनासं होतं. बस. मासा लागलेला नाही, काही झालेलं नाही, आणि तुमचे गुडघे लटपटतायत.

म्हणून ल्युअर (म्हणजे गळ लावलेलं हे नकली आमिष) बोटीपाशी आली तरी वर उचलायची नाही. काठीचं टोक पाण्यात खुपसायचं आणि पाण्यातच मोठा इंग्रजी आठ काढायचा. वळणं रुंद ठेवायची, एवढ्या लांब माशाला लहान वळणावर वळता येत नाही. मागे आलेला मासा पुष्कळदा त्या आठातच घेतो, हातभर दोरी बाहेर असताना, तोंडासमोर, आणि तेव्हा जे पाणी उडतं ते अंगावर येतं. हा आठ प्रत्येक कास्टला काढायचा, मासा दिसो न दिसो, कारण न दिसलेला पण असू शकतो.

तर मला विचाराल तर लोक या न घेणाऱ्या माशासाठी जातात. लागलेला मासा फोटोत जातो. न लागलेला डोक्यात राहतो, तो कुठल्या खडकापाशी होता ते पाठ असतं, आणि दोन दिवसांनी परत त्याच खडकावर. बाकीच्यांनी आपापलं सांगा, इथे अजून कोणी आहे का या नादाला लागलेलं?

कुडाळचो_बाबलो

विन्यादादा वाचलंय सगळा. एकच सांगा, मासो पकडल्यार परत पाण्यात सोडतंत? आमच्याकडे गरवूक गेलेल्या माणसान एवढो मासो सोडून दिल्यान तर आवस घरात घेवची नाय.

(मराठीत लिहितो आता.) खाडीवर गरी टाकून बसणं आम्हाला नवीन नाही, तंगूस, शिसं, कोळंबीचं आमिष आणि धीर. पण त्या धीराच्या शेवटी कढई असते हो. तुमच्याकडे शेवटी काय आहे ते कळलं नाही. चवीला वाईट असतो काय हा?

सदाशिव_४११०३०

छान लिहिलंय पण मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही. फॉलो होतो, थरार वाटतो, ठीक. त्यासाठी बोट, ट्रेलर, दोन-तीन काठ्या, पेटीभर गळ. माझा भाचा शिकागोला असतो, त्याच्या गराजमध्ये मी हे सामान बघितलंय, एकेक गळ तीस-चाळीस डॉलरचा आणि असे भिंतभर टांगलेले. पाण्यात गेलेले किती विचारलं तर हसतो. मला वाटतं हा माशांचा नाही, सामानाचा नाद आहे. आमच्यावेळी फोटोग्राफीवाले असेच होते, फोटो कमी लेन्स जास्त.

लेककंट्री_वहिनी

सदाशिवकाका, १०० टक्के. आमच्याकडे पण भिंत आहे. 😄 मी घरच्यांना विचारलं की एवढे वेगवेगळे रंग कशाला, मासा तर घेतच नाही, तर म्हणे "म्हणूनच".

मी स्वतः दोनदा-तीनदा बोटीवर गेलेय आणि विन्याने लिहिलेला तो फॉलो बघितलाय. मला विचाराल तर तो मासा म्हणजे साड्यांच्या दुकानात पन्नास साड्या गादीवर उलगडायला लावून, पदर खांद्यावर टाकून बघून, "बघते हं पुढे" म्हणून निघून जाणारं गिऱ्हाईक आहे. आणि आमचे हे म्हणजे त्या दुकानातला माणूस, ती गेली तरी दाराकडे बघत बसलेला.

पण थट्टा सोडा, एक गोष्ट मला आवडते. फोन बंद असतो. सहा-सात तास माणूस पाण्याकडे बघतो आणि त्याला ऑफिस आठवत नाही, कारण जरा लक्ष हटलं की नेमका तेव्हाच मासा येऊन जातो म्हणे. वॉलायला गेलं की हेच लोक गप्पा मारतात, चहा पितात, फोन बघतात. मस्कीला गेले की बोटीवर कोणी बोलत नाही.

तळ्याकाठचा_विन्या

वहिनी 😂😂 साडीचं आता आमच्या ग्रुपवर जाणार.

बाबल्या, चवीला वाईट नाही म्हणतात, जुनी माणसं खायची. पण एक मोठा मासा तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि तलावात असतातच मोजके, सगळ्यांनी कढईत टाकले तर दोन हंगामांत तलाव रिकामा. हे आधी झालेलं आहे. १९५५ च्या जुलैमध्ये इथल्याच लीच लेकला कडक ऊन आणि वारा पडलेला असताना मस्की अचानक वेड्यासारखे घ्यायला लागले, त्या दिवसांचे फोटो आहेत, दोरीला ओळीने टांगलेले मोठमोठे मासे आणि शेजारी हसणारी माणसं. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे १९६६ मध्ये इथेच मिनेसोटात गिल हॅम नावाच्या गृहस्थांनी मस्कीज इंक ही संस्था काढली, पिल्लं वाढवून तलावात सोडायची आणि पकडलेला मासा परत सोडायचा हे त्यांनी लावून धरलं. आज इकडे मस्की मारून घरी नेणारा माणूस बोटीच्या धक्क्यावर तोंड लपवतो. कायदा पण तसाच, मिनेसोटात बहुतेक तलावांवर ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही, आणि ५४ इंची मासा आयुष्यात एकदा दिसला तरी नशीब.

भिंतीवर लावायचा असेल तर लांबी आणि घेर मोजून घेतात आणि फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती करून देणारे लोक आहेत. मासा पाण्यात, प्रतिकृती भिंतीवर. वजन पण त्यावरूनच काढतात, घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ८००, सगळं इंचात, उत्तर पौंडात. म्हणजे ५० इंच लांब आणि २३ इंच घेर असेल तर ३३ पौंड, पंधरा किलो धरा.

सदाशिवकाका, सामानाचं नाकारत नाही. पण नुसतं सामान असतं तर लोक दुकानातच रमले असते, नोव्हेंबरमध्ये काठीच्या कड्यांत बर्फ धरतो तो फुंकर मारून काढत उभे राहिले नसते.

ओंटारियोचा_आबा

नमस्कार मंडळी, टोरोंटोहून. इकडे आम्ही सेंट लॉरेन्स आणि जॉर्जियन बेला जातो, कधी जमलं तर वर लेक ऑफ द वुड्सला. विन्याच्या सगळ्या लिखाणाशी सहमत, फक्त एक सांगतो, सगळीकडे फॉलो दिसत नाही. सेंट लॉरेन्सवर बहुतेक लोक ट्रोलिंग करतात, म्हणजे बोट चालू ठेवून मागे लांबवर मोठे लाकडी मासे ओढत न्यायचे, तासन् तास, खोल पाण्यात. तिथे मासा दिसत बिसत नाही, काठी एकदम वाकते आणि रीळ किंचाळतं. आणि तरी लोक तेवढेच वेडे. म्हणजे फॉलो हे एकच कारण नसणार.

मला वाटतं आकार. त्या नदीत मासा किती मोठा असू शकतो याला वरची हद्द कोणालाच ठाऊक नाही आणि प्रत्येकाला वाटतं की विक्रमी मासा खाली आहेच. विक्रमाची भानगड माहितीये ना? १९४९ साली विस्कॉन्सिनच्या हेवर्ड भागात एकाच वर्षात दोन राक्षसी मासे निघाले, जुलैमध्ये लॅक कूर्त ओरेयला कॅल जॉन्सनचा ६७ पौंड ८ औंस आणि ऑक्टोबरमध्ये चिपेवा फ्लोवेजला लुई स्प्रेचा ६९ पौंड ११ औंस. हेवर्डचं हॉल ऑफ फेम (गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं) स्प्रेला मानतं, आयजीएफए ही विक्रम नोंदवणारी आंतरराष्ट्रीय संस्था जॉन्सनला. मधे सेंट लॉरेन्सचा १९५७ चा आर्ट लॉटनचा ६९ पौंड १५ औंसवाला पहिल्या नंबरवर होता, तो १९९२ मध्ये रद्द झाला, फोटो जुळेनात. मग २००५ मध्ये स्प्रेच्या माशाचे जुने फोटो मोजून तो एवढा असूच शकत नाही असा दावा झाला, हॉल ऑफ फेमने तो फेटाळला. पाऊणशे वर्षं झाली, भांडण चालू आहे. जगात दुसऱ्या कुठल्या माशावरून एवढी भाऊबंदकी झाली असेल असं वाटत नाही.

तळ्याकाठचा_विन्या

आबा, ट्रोलिंगचा मुद्दा मान्य, माझा अनुभव सगळा कास्टिंगचा आहे. पण तुम्हीच बघा, ट्रोलिंगवाल्यांच्या गोष्टी ऐकल्या तर त्या पण सुटलेल्या माशाच्याच असतात, लागला, उसळला, डोकं झटकलं, गळ उडाला. मस्कीचं तोंड हाडांचं, गळ नीट रुतत नाही, निम्म्या गोष्टी तिथेच संपतात.

हेवर्डला गेलात का कधी? हॉल ऑफ फेमच्या अंगणात १४३ फूट लांबीचा, साडेचार मजली फायबरग्लासचा मस्की आहे, आतून जिन्याने चढून त्याच्या जबड्यात उभं राहता येतं. लोक तिथे लग्नं लावतात. मी आईबाबांना घेऊन गेलो होतो, बाबा जबड्यात उभे राहून म्हणाले, "एवढा खर्च करून देऊळ तरी बांधायचं."

आकाराचं म्हणाल तर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या मिल लॅक्स तलावात ५५ पौंड १४.८ औंसचा निघाला, त्याने १९५७ पासूनचा ५४ पौंडांचा राज्याचा विक्रम मोडला. आणि गंमत म्हणजे त्या तलावातले मस्की सोडलेल्या पिल्लांतून आलेले. पूर्वी इथलं मत्स्य खातं शूपॅक लेकच्या जातीची पिल्लं सोडायचं, ती फार मोठी व्हायचीच नाहीत. १९८० च्या दशकात लीच लेकची जात वापरायला सुरुवात केली आणि मग मिल लॅक्स, मिनेटोंका असे तलाव मोठ्या माशांचे झाले. म्हणजे मिनियापोलिसच्या ऑफिसातून पाच वाजता निघालेला माणूस साडेपाचला पन्नास इंची मस्कीच्या डोक्यावर गळ फिरवू शकतो. त्यातून आमच्यासारखे बिघडले.

विदा_विनोद

इतका वेळ वाचत होतो. याला वर्तनशास्त्रात सरळ उत्तर आहे. बक्षीस ठरलेल्या वेळी न मिळता अधूनमधून, बेभरवशाचं मिळत राहिलं की प्राणी ती गोष्ट सोडत नाही, स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवलंय, कॅसिनोतली मशिनं त्यावरच चालतात. आणि "थोडक्यात हुकलं" हे तर त्यातलं सगळ्यात चिवट. फॉलो म्हणजे तेच. त्यात गूढ काही नाही.

बाकी मस्कीवाले चंद्र बघून जातात हे ऐकून होतो, म्हणून शोधलं. २०१४ मध्ये यावर खरंच पेपर आलाय, मस्कीज इंकच्या सभासदांनी नोंदवलेले जवळपास ३ लाख ४२ हजार मासे घेऊन. निघालं काय, तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मासे थोडे जास्त लागतात, फरक जास्तीत जास्त ५ टक्क्यांचा. म्हणजे आहे, पण त्यासाठी सासऱ्यांच्या साठीला दांडी मारावी इतका नाही.

लेककंट्री_वहिनी

विनोदभाऊ हा पेपर मला पाठवा. प्रिंट काढून फ्रिजवर लावते.

तळ्याकाठचा_विन्या

विनोद, पाच टक्के म्हणजे पाच टक्के, रोज कोण सोडतं. 😛 आणि त्याच पेपरात मोठ्या माशांत परिणाम जास्त दिसतो हे पण आहे, ते तू गाळलंस.

कॅसिनोच्या मुद्द्यावर मात्र माझं भांडण आहे. मशिनचा दांडा ओढणारा माणूस वर्षभर ओढत राहिला तरी त्याला मशिनबद्दल जास्त काही कळत नाही. इथे फॉलो झाला की तुला बातमी मिळते. मासा इथे आहे, एवढा मोठा आहे, खोल आला की वरून आला, चवताळून आला की आळसात आला. आळसात आलेल्याला मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, वेगळं काहीतरी दाखवायचं, बकटेलऐवजी रबरी नाहीतर पाण्यावर फुरफुरणारं. वारा फिरला तर कुठल्या टोकाला बोट न्यायची, चंद्र कधी उगवतो, सिस्को कुठे जमलेत, हे सगळं जुळवत बसायचं. काही माशांच्या अंगावरचे डाग ओळखीचे झालेत लोकांच्या, जुने फोटो लावून बघतात की हा तोच का, चार वर्षांत किती वाढला. आमच्या इथे एका खडकाळ उंचवट्यावर एक मादी आहे, शेपटीला खाच असलेली, ती आमच्या अर्ध्या ग्रुपला दिसलीये आणि कोणालाच लागलेली नाही. तिच्याबद्दल लोक जसं बोलतात तसं स्लॉट मशिनबद्दल कोणी बोलत नाही.

निरामिष

धागा रंजक आहे पण मला खटकतंय ते लिहितो. खायचा नाही, मारायचा नाही, मग तीन तीन आकड्यांचा गळ तोंडात घालून अर्धा तास ओढायचं, फोटो काढायचा आणि "सोडून दिला" म्हणून पुण्य पदरात. माशाला काय वाटत असेल? बाबल्या मारतो पण खातो तरी. त्यापेक्षा वाळणकोंड बरं, महाडजवळ, तिथे डोहात महाशीर आहेत, देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर मासे वर येतात. बघायचंच असेल तर असं बघा.

तळ्याकाठचा_विन्या

निरामिष, प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर माझ्याकडे नाही. गळ टोचतो, मासा झगडतो, थकतो, सोडलेल्यातले काही नंतर मरतात पण. खेळ म्हणून एखाद्या जिवाला त्रास द्यावा का, यावर तू नको म्हणालास तर मी वाद घालणार नाही.

फक्त अर्धा तास ओढत नाहीत. म्हणूनच दोरी ८० ते १०० पौंडांची, काठी जाड आणि नऊ फुटी, की मासा दोन-तीन मिनिटांत जाळ्यात यावा आणि जास्त दमू नये. जाळं मोठं, रबर चढवलेलं, आणि मासा जाळ्यात पण पाण्यातच ठेवायचा, बोटीवर आपटायचा नाही. गळ निघत नसेल तर ओढाताण करायची नाही, कटरने आकडाच तोडायचा, आकडा गेला तर गेला. फोटो हवा तर सगळं तयार ठेवून एकदाच उचलायचा, दोन्ही हातांनी आडवा, कल्ल्यात धरून उभा टांगला तर त्याच्या आतल्या अवयवांवर भार येतो. मग शेपटीच्या मुळाशी धरून पाण्यात सरळ ठेवायचा. हा भाग मला सगळ्यात आवडतो खरं सांगायचं तर. मनगटाएवढं जाड मूळ मुठीत, माशाचा श्वास हाताला कळतो, हळूहळू त्याच्यात जोर येतो आणि मग तो तुमच्या तोंडावर पाणी उडवून सुटतो. आणि पाणी २७ सेल्सियसच्या, म्हणजे इकडच्या ८० च्या वर गेलं की शहाणे लोक मस्कीला जातच नाहीत, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, सोडलेला मासा वाचत नाही.

दुसरं असं की मस्कीची पिल्लं सोडायला पैसा आणि जोर हेच लोक लावतात. काही तलावांवर विरोध आहे, स्थानिक लोक म्हणतात मस्की आमचे वॉलाय खातो. उत्तर विस्कॉन्सिनच्या ३४ तलावांतल्या हजारावर मस्कींच्या पोटात काय आहे ते १९९० च्या दशकात तपासलं होतं, माशाला न मारता पोट धुऊन, त्यात मुख्य निघाले पर्च आणि सकर, वॉलाय अगदी किरकोळ. तरी भांडण मिटलेलं नाही. गळवाले नसते तर या माशाची बाजू घ्यायला कोण उभं राहिलं असतं, मला शंका आहे.

वाळणकोंडला मी गेलोय, सुंदर जागा आहे. तुलना चुकीची नाही.

सांगलीचा_सुक्या

महाशीरचा विषय निघालाय तर, कावेरीवर भीमेश्वरीला पूर्वी हेच चालायचं, पकडायचा, वजन करायचं, सोडायचा, परदेशातनं लोक यायचे. आणि टाटांनी लोणावळ्याला वळवणला महाशीरची पिल्लं कित्येक वर्षं वाढवून ठिकठिकाणी सोडलीत. म्हणजे हे फक्त अमेरिकेचं खूळ नाही.

पण मला मस्की वाचून आठवला तो आपला मरळ. कृष्णेच्या कडेला, दलदलीत, पाणवनस्पतीत दबा धरून बसतो, बेडूक दिसला की असा फुटतो पाण्यातनं की काठावरचं पोरगं दचकतं. आमच्याकडं आता प्लास्टिकचा बेडूक लावून पोरं मरळ मारतात. फरक एवढाच की मरळ मागं येऊन विचार करत बसत नाही, घेतला तर घेतला.

तर आता कामाचं. मी ऑगस्टमध्ये मॅडिसनला येतोय, दोन वर्षांसाठी. तिथं मस्की आहे का? काय काय आणू, की तिथंच घेऊ? बोट नाही, बजेट पण नाही.

ओंटारियोचा_आबा

सुक्या, मरळवाला माणूस मस्कीला लवकर लागेल, नजर तयार आहे तुझी. भारतातून काही आणू नकोस, विमानात काठी मोडते. जुनी काठी आणि रीळ तिथे हिवाळ्यात स्वस्त मिळतं, लोक नवं घ्यायला जुनं विकतात (सदाशिवकाका बरोबर बोलले होते).

तळ्याकाठचा_विन्या

मॅडिसन म्हणजे तुझी लॉटरीच आहे. लेक मोनोना गावातच, लेक विंग्रा पण, दोन्हीत मस्की. बोट नसली तरी काठावरून आणि धक्क्यांवरून होतं, विंग्रावर भाड्याची छोटी बोट मिळते. लायसन्स विस्कॉन्सिनच्या गो वाइल्डवर ऑनलाइन काढ, त्याशिवाय पाण्याजवळ जाऊ नकोस.

आल्या आल्या ऑगस्टमध्ये जाऊ नको, पाणी गरम असतं, तोवर बसस्टॉप शोध, खोली लाव. सप्टेंबर उजाडला, पाणी थंडावलं की सुरू कर. ऑक्टोबर सगळ्यात चांगला, मासे थंडीआधी भरपूर खातात आणि बोटी कमी होतात. एकच काठी घ्यायची तर साडेआठ-नऊ फुटी, ८० पौंडांची विणलेली दोरी, आणि लीडर (दोरी आणि गळाच्या मधे लावायचा न कापला जाणारा तुकडा) विसरू नको, नाहीतर दात दोरी कापतात आणि तुझा गळ तोंडात घेऊन मासा फिरत बसतो. ल्युअर दोन पुरे, एक काळी बकटेल आणि एक रबरी. पैसे वाचवायचे तर ल्युअरमध्ये वाचव, जाळं, लांब पक्कड आणि आकडे तोडायचं कटर यात वाचवू नको. पहिल्यांदा एकटा जाऊ नको, मासा हातात आला की दोन हात कमी पडतात. मी त्या बाजूला सप्टेंबरच्या शेवटी येणार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, शनिवार ठरवू.

कुडाळचो_बाबलो

सुक्या जातलो तर माका पण सांग रे, माझो चुलतो मॅडिसनाक आसा, त्येका पण घेवन जा. सोडायच्या टायमाक मात्र त्येका लांब बसव.